दशलक्षणातही तिची गोळी चालू राहू द्या



श्रावण संपत आला की मला एका ठरावीक प्रश्नाचे फोन येऊ लागतात. "ताई, पर्वाचे दहा दिवस तिच्या गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का हो?" गंमत म्हणजे विचारणारी बहुतेक वेळा पेशंट नसते. तिची आई असते, सासू असते, नाहीतर मोठी जाऊ. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पोरगी उपवास करायचं म्हणतेय, तिचं मन कशाला मोडा, एवढंच.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण नणंदेच्या मुलीचं आजारपण सहा वर्षं जवळून बघितलंय. तपासण्यांना तिच्याबरोबर बसलेय, डॉक्टरांना विचारून विचारून एक दोनशे पानी वही भरलीय. त्या वहीच्या बळावर माझं उत्तर असतं, की स्टिरॉइडची गोळी दहा दिवस तर सोडाच, एक दिवससुद्धा आपल्या मनाने बंद करायची नाही. त्यावर पलीकडून "पण धर्म…" असं सुरू होतं. म्हणून म्हटलं, या वेळी सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

आमच्या भाचीला जो आजार आहे त्याचं नाव ताकायासू आर्टेरायटिस. मिकितो ताकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर. एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण त्यांना दिसली, ती त्यांनी 1908 साली नोंदवली. त्याच सुमारास आणखी दोन जपानी डॉक्टरांनी सांगितलं की अशाच पेशंटच्या मनगटात नाडी लागत नाही. त्यामुळे या आजाराला 'नाडी नसलेला आजार' असंही म्हणतात. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतींना सूज येते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिनीवर उलटते. भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते. हाताकडे जाणारी वाट चिंचोळी झाली तर हात दुखतो, मूत्रपिंडाकडची झाली तर रक्तदाब चढतो, मेंदूकडची झाली तर चक्कर येते, अर्धांगाचाही धोका असतो. आजार दुर्मीळ खरा, पण जपान, भारत, आशियातल्या इतर देशांत त्यातल्या त्यात जास्त दिसतो, आणि बहुतेक पेशंट तरुण मुली. पंधरा-वीस-पंचविशीच्या. म्हणजे कॉलेज, नोकरी, लग्न, बाळंतपण हे सगळं ज्या वयात होतं, नेमक्या त्या वयात.

आमच्या भाचीला आधी बारीक ताप, थकवा, वजन उतरणं. वेणी घालताना हात वर धरला की डावा हात भरून यायचा. एका ठिकाणी तिचा रक्तदाब डाव्या हातावर लागेचना, तेव्हा मशीनच बिघडलंय म्हणून सेल बदलले गेले! उजव्या हातावर कुणी बघितलंच नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि गप्प झाल्या. डाव्या हातात नाडी जवळजवळ नव्हती. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. तरुण मुलीचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजून घ्यायला काही खर्च येत नाही. आणि हा आजार असलेल्या मुलीचा रक्तदाब कोणत्या हातावर किंवा पायावर मोजायचा, हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. बंद पडत चाललेल्या हातावरचा आकडा कमी दिसतो आणि सगळे निर्धास्त राहतात.

आता औषधाकडे येते. पहिलं औषध असतं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. नुसता शब्द ऐकला तरी आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. "स्टिरॉइड का? आधी आयुर्वेदिक बघा, होमिओपॅथी बघा," असा सल्ला देणारी माणसं दारात उभीच असतात. पण सूज उतरवण्याचं काम इतक्या झपाट्याने करणारं दुसरं औषध हाताशी नाही. सुरुवातीला मोठा डोस देतात, आजार शांत झाला की महिनोन्‌महिने थोडा थोडा उतरवत नेतात. उतरवताना आजाराने पुन्हा डोकं वर काढणं यात नेहमीचंच, म्हणून जोडीला दुसरी औषधं देतात. त्यांचं पुढे सांगते.

गोळी एकदम का थांबवायची नाही? आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज पहाटे आपल्या आपण स्टिरॉइडसारखंच एक द्रव्य तयार करतात. त्याच्यावर आपला रक्तदाब, साखर, आजारपणात तग धरण्याची ताकद चालते. बाहेरून गोळी येऊ लागली की या ग्रंथी काम थांबवतात. घरी रोज बाहेरचा डबा यायला लागल्यावर चूल थंड पडते ना, तसंच. काही आठवडे अशी गोळी घेतलेल्या मुलीची गोळी अचानक बंद केली, तर डबाही नाही आणि चूलही पेटत नाही. उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं, आणि वेळेवर दवाखाना गाठला नाही तर जीवही जातो. त्यात निर्जळी उपवास असेल तर विचारूच नका. मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद असलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या मुलीच्या अंगातलं पाणी कमी होणं हा वेगळाच धोका. आणि तिकडे मूळ आजार भिंत जाड करायला पुन्हा मोकळा. रक्तवाहिनी एकदा बुजली की सहसा औषधाने परत पूर्वीसारखी होत नाही. औषधाने वाचवता येते ती अजून न बुजलेली.

हे सगळं ऐकल्यावरही जे 'पण' उरतं, ते उपवासाचं. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शास्त्राने तपाची आज्ञा देताना शक्तीची अट घातलेली आहे. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, 'शक्तितस्त्याग' आहे. पूजेत आपण ही नावं घेतो आणि मांडवात दहा उपवासवालीच्या गळ्यात हार घालताना नेमकी विसरतो. त्याच यादीत 'वैयावृत्त्य'ही आहे, म्हणजे आजारी माणसाची सेवा. आजारी मुलीला वेळेवर गोळी आणि गोळीआधी नाश्ता देणारी आई मला त्या दहा दिवसांत कुठे कमी पडताना दिसत नाही.

शिवाय बाह्य तपं सहा आहेत, अनशन त्यातलं फक्त एक. बाकीच्यांकडे आपण बघतच नाही. आमच्या भाचीने दुसऱ्या वर्षीच हे शोधून काढलं. स्टिरॉइडने भूक कशी लागते ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. जेवून उठलं की परत भूक, रात्री अकराला भूक. अशा मुलीने दोन घास कमी ठेवून उठणं, म्हणजे अवमौदर्य, हे माझ्या-तुमच्या उपवासाहून कितीतरी अवघड. नंतर रसपरित्याग. सहा रसांत साखर आहे, तूप-तेल आहे, मीठ आहे. स्टिरॉइडने अंगात पाणी धरतं, साखर वाढते, रक्तदाब चढतो. मीठ आणि साखर कमी करा असं डॉक्टर बारा महिने सांगतच असतात. तिने दहा दिवस साखर पूर्ण सोडली. मीठ किती कमी करायचं ते आधी डॉक्टरांना विचारून ठरवलं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना मीठ एकदम तोडणंही बरं नाही. इथे स्वयंपाकघराची गोष्ट सांगते. पर्वात आपण हिरव्या भाज्या सोडतो आणि ताटात पापड, सांडगे, वड्या वाढतात. सगळ्या मिठाच्या पाट्याच! तिच्या ताटात त्याऐवजी मुगाचं वरण, नाचणीची भाकरी, दूध. नाचणी आणि दूध हाडांसाठी, कारण स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची गोळी असतेच वर.

रात्री न खाण्याचा नियम तर अडचणीचा नाहीच. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्त्यानंतर एकदाच घेतात, शरीराचं स्वतःचं द्रव्यही सकाळीच जास्त असतं. दिवसातून दोनदा घ्यायचं औषध असेल तर सकाळी सातला आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत, अशी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घेता येते. विचारलं तर कुणी हसत नाही. आम्ही विचारलं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळ लिहून दिली.

आमच्याकडे चातुर्मासाला आलेल्या माताजींपुढे हा विषय निघाला होता. "औषध चालू ठेवून जो नियम पाळता येईल तोच घे," एवढंच त्या म्हणाल्या आणि तिला साखरत्यागाचा नियम दिला. बाकी बोलल्या त्या मागे बसलेल्या बायका. "एवढ्या तरुणपणी एक उपवास होत नाही!" तोंड गोळ्यांनी गोल झालेलं, अंगावर सूज, म्हणजे बघणाऱ्याला ती खाऊन-पिऊन सुखी दिसते. त्या बायकांना मी तिथेच सांगितलं, इथेही सांगते. दुसरीच्या अंगात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसताना तिचे उपवास मोजायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही.

आता एक वेगळा प्रश्न, जो वाचक मैत्रिणी हळू आवाजात विचारतात. हे औषध कशापासून बनतं? प्रश्न योग्य आहे आणि उत्तर मजेशीर आहे. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या पेशंटला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. 1950 साली या कामाला नोबेल मिळालं. ते सुरुवातीचं कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून, तीसहून जास्त पायऱ्यांनी बनवावं लागे. पुढे मेक्सिकोतल्या रानकंदापासून स्टिरॉइडं बनू लागली. म्हणजे आपल्या दृष्टीने पित्तातून सुटून कंदमुळात! नंतर सोयाबीनसारख्या वनस्पतींतले घटक आणि सूक्ष्मजीव यांच्या मदतीने ती बनवायची रीत आली. गोळीचं एक वेळ चालून जातं, कॅप्सूलचं वेष्टन बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. तेच औषध गोळीत मिळतं का, वनस्पतीजन्य वेष्टनात मिळतं का, हे औषधवाल्याला जरूर विचारा. मिळालं तर घ्या. नाही मिळालं तर आहे ते घ्या, आणि मनाला लावून घेऊ नका. हिंसेचा विचार आपल्याकडे प्रमादाशी जोडलेला आहे. आजारी पोरीने जगण्यासाठी घेतलेली कॅप्सूल आणि बेफिकिरीने केलेली हिंसा यांना एका तराजूत घालणं मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी स्वतःच्या कॅप्सूलबद्दल ठरवावं, दुसरीच्या नाही.

जोडीच्या औषधांपैकी मेथोट्रेक्झेटचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असेल. संधिवातालाही हेच देतात. ते घडवणाऱ्या अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेच्या कामामागे आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही आपल्याला ठाऊक नसलेली अभिमानाची गोष्ट. पण घरातल्या बाईने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही! घाईत, चिठ्ठी नीट न वाचता, रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. आमच्या घरी त्याची डबी वेगळी, तिच्यावर 'फक्त रविवार' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. घरात चार माणसांच्या गोळ्या एकाच स्टीलच्या डब्यात ठेवायची आपली सवय आहे ना, ती आजच मोडा.

या औषधाचा दुसरा भाग लग्नाशी जोडलेला आहे. मेथोट्रेक्झेट आणि मायकोफेनोलेट ही दोन्ही गर्भाला घातक आहेत. मूल हवं असेल तर कित्येक आठवडे, महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बदलावी लागतात. अ‍ॅझाथायोप्रीनसारखं चालणारं औषध असतं. आजार शांत असेल, रक्तदाबावर लक्ष असेल तर या मुलींना मूल होतं, सुखरूप होतं. पण त्यासाठी नवऱ्याला आणि सासरला माहीत असावं लागतं. आणि आपण काय करतो? स्थळं बघायला लागलो की चिठ्ठ्या कपाटात तळाशी. "लग्न होऊ दे, मग सांगू." मग नव्या घरात मुलगी गोळ्या बाथरूममध्ये लपून घेते, एक दिवस चुकते, दोन दिवस चुकते. माहेरच्यांनी ठेवलेल्या या गुपिताची किंमत ती तिच्या धमन्यांनी मोजते. ठरवण्याआधी सांगितलं तर चार स्थळं जातील. जाऊ देत. आमच्याही मुलीची दोन गेली. ती सध्या नोकरी करते, डबा घेऊन साडेआठला बाहेर पडते, आणि लग्नाचं तिचं ती बघेल म्हणते.

आजार एवढ्यानेही ऐकत नसेल तर महागडी इंजेक्शनं येतात. त्यांतलं एक टोसिलिझुमॅब. हे नाव 2021च्या एप्रिल-मेमध्ये सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं, कोविडच्या पेशंटसाठी नातेवाईक दुकानं पालथी घालत होते. मुळात ते जपानमधल्या संशोधनातून आलं, आणि सूज वाढवणारा एक निरोप अडवतं. ताकायासूसाठी त्याची चाचणी जपानमध्ये 36 पेशंटवर झाली, 2018 साली ती छापून आली. आजार उलटणं लांबतं असा कल दिसला, पण आकडेवारीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडलं. दुर्मीळ आजाराचं हे असंच असतं, मोठ्या चाचणीला माणसंच मिळत नाहीत. म्हणून कुणी 'हमखास बरं करतो' म्हणालं की सावध व्हा. अशा इंजेक्शनांआधी टीबीची तपासणी करतात, आपल्या देशात ती चुकवून चालतच नाही. आणि टोसिलिझुमॅब चालू असताना ताप आणि रक्तातला सीआरपी दबलेला राहतो, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून तपासणीला जायचं टाळू नये. आजार जागा आहे का हे ठरवायला भारतातल्याच डॉक्टरांनी 'आयटीएएस 2010' नावाची मोजपट्टी तयार केलीय. तीन महिन्यांत नवीन काय झालं, काय वाढलं, हे तपासून ते गुण देतात. तीन महिन्यांनी बोलावलं की जायचं ते यासाठी.

खर्चाचं मात्र कुणी उघड बोलत नाही. रोजच्या गोळ्या मध्यमवर्गीय घराला झेपतात. इंजेक्शनं, दरवर्षीचं अँजिओग्राफीचं स्कॅन, मोठ्या शहरातल्या फेऱ्या, हे झेपत नाही. मग घरात ठरतं, "आता बरी दिसतेय, पुढचं इंजेक्शन पुढच्या महिन्यात बघू." चतुर्विध दानात आहारदान, शास्त्रदान, अभयदान आणि औषधदान येतं. आहारदानाला आपल्याकडे रांग लागते. औषधदान म्हटलं की वर्षातून एकदा तपासणी शिबिर, त्यात खोकल्याच्या बाटल्या आणि फोटो. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला शिबिराचा काय उपयोग? त्या पोरीला दर महिन्याला, न चुकता, तेच औषध हवं असतं.

अभिषेकाच्या सवालाला आपल्या बस्त्यांत किती रक्कम जमते ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक ठरलेला वाटा वर्षभराच्या औषधांसाठी बाजूला काढावा, असं मी आमच्या कमिटीला लेखी दिलंय. पैसे घरच्यांच्या हातात द्यायची गरज नाही, सत्कार तर मुळीच नको. औषधाच्या दुकानात खातं उघडायचं, चिठ्ठी दाखवली की औषध मिळेल, बिल कमिटी भरेल. पेशंटचं नाव कमिटीतल्या दोनच माणसांना ठाऊक, आणि त्यांतली एक बाई असावी. अध्यक्षांनी 'पर्वानंतर बघू' म्हटलंय. अनंत चतुर्दशी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी विचारायला जाणार आहे. तुमच्या गावात असं कुठे चालू असेल तर हिशेब कसा ठेवता ते मला कळवा, नमुना म्हणून दाखवता येईल.